पोटाला पट्टा की पोटाचा व्यायाम?

बाळंतिणीचे पोट जुन्या सुती लुगड्याने आवळून बांधण्याची रीत सोलापुरात अजून अनेक घरांत आहे. काही ठिकाणी लुगड्याच्या जागी औषधांच्या दुकानातला पट्टा आला, इतकेच. सिझेरियननंतर खोकताना किंवा उठताना पट्ट्यामुळे टाक्यांना आधार वाटतो, हे त्याचे खरे श्रेय. मात्र पट्टा सोडला की आधारही संपतो, कारण गरोदरपणात ताणून सैल झालेले स्नायू त्याने बळकट होत नाहीत; शिवाय तो फार आवळला तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरचा दाब वाढतो.

व्यायामाचे फळ उशिरा मिळते, पण ते टिकते. जमिनीवर सोलापुरी चादर अंथरून उताणे निजावे, गुडघे दुमडावेत आणि श्वास सोडताना बेंबीखालचा भाग पाठीच्या कण्याकडे हलकेच ओढून 5 ते 10 सेकंद धरावा. या वेळी श्वास कोंडू नये आणि कंबर हलू देऊ नये. दिसायला ही हालचाल इतकी किरकोळ आहे की घरातल्या वडीलधाऱ्यांना ती व्यायामच वाटत नाही, पण कमरेला आतून वेढणारा खोल स्नायू तिनेच पुन्हा कामाला लागतो. धड उचलून बसण्याचे व्यायाम मात्र सुरुवातीला नकोत; पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये फट असेल तर तो भाग फुगून वर येतो.

माझ्या मते पट्टा पहिल्या काही दिवसांपुरता ठीक, पुढची भिस्त व्यायामावर असावी. सिझेरियन झालेल्यांनी व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाठदुखीसोबत ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास पट्टा आणि व्यायाम दोन्ही थांबवून तातडीने दवाखाना गाठावा.