स्टॉर्म की झेन? दोन्ही दारात उभ्या करून झाल्यावर सांगतो

इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातला एक तरुण दोन महिने माझ्या मागे लागला आहे. नोकरी चांगली, लग्न अजून ठरलेलं नाही, आणि डोक्यात एकच खूळ: छोटी, हलकी, चालवताना मजा येईल अशी गाडी. मोबाइलमध्ये दोन गाड्यांचे फोटो घेऊन फिरतो. एक सॅन स्टॉर्म, दुसरी मारुती झेन. "काका, तुम्ही दोन्ही वापरल्यात, एकदा काय ते सांगून टाका." दर वेळी मी त्याला पोहे खायला घालून परत पाठवतो, कारण एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाही. आज लिहूनच टाकतो.

दोनच गाड्या का, हा प्रश्न आधी निकालात काढू. जगात या प्रकाराचं नाव घेतलं की माझदा एमएक्स-५ आठवते. १९८९ मध्ये आली, २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली, पण आपल्याकडे कंपनीने ती कधी विकलीच नाही. वापरलेली आणावी म्हटलं तर तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करू देत नाहीत. म्हणजे नव्वदच्या दशकातली ती गोंडस एमएक्स-५ स्क्रीनवरच बघायची. आता एमजीची सायबरस्टर आली आहे, दोन सीटची, उघडणारी, देखणी. पण ती विजेवर चालते, वजन दोन टनांच्या घरात आणि किंमत पाऊण कोटीच्या आसपास. आपण हलक्या गाडीबद्दल बोलतोय. खिशातूनही हलकी.

स्टॉर्म ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: १९९८ च्या सुमारास गोव्यात बनू लागलेली, फायबरच्या बॉडीची, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन लावलेली उघडी गाडी. फार थोड्या बनल्या. झेन सगळ्यांच्याच घरात कधी ना कधी होऊन गेली असेल. माझी १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. कागदावर स्टॉर्मची ताकद दहाएक हॉर्सपॉवरने जास्त. दोन्हींचं वजन टनाच्या बरंच खाली, आणि दोन्ही पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. मागचं चाक सरकवत वळायची हौस असेल, तर या दोघींच्या वाटेला जाऊ नये.

स्टॉर्म मी पुण्याहून चालवत आणली. धुळ्यापर्यंत ठीक होतं. सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागला आणि दोन्ही बाजूंनी ट्रक. या गाडीत आपण इतके खाली बसतो की उजवीकडे मान वळवली तर ट्रकच्या चाकाचे नटबोल्ट डोळ्यांसमोर. हात बाहेर काढला असता तर टायरला लागला असता. चाळिसाच्या स्पीडला ऐंशीचा भास होत होता, आणि हलक्या गाडीची सगळी गंमत त्यातच आहे. मजा येण्यासाठी कायदा मोडावा लागत नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आपल्या घरापासून तासाभरावर. तिथे मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांची परीक्षा होते, आपल्यासारख्यांचं तिथे काही काम नाही. आपला ट्रॅक म्हणजे चोरलचा घाट आणि जानापावचा चढ, आणि त्याला साठचा स्पीड पुष्कळ झाला.

वजनाचं गणित साधं आहे. जड गाडीला पळवायला मोठं इंजिन लागतं, थांबवायला मोठे ब्रेक, ते पेलायला रुंद टायर, आणि या सगळ्यांनी ती आणखी जड होते. हलकी गाडी या फेऱ्यात पडतच नाही. टायर अरुंद असले तरी चालतं, स्टिअरिंगला पॉवर नसली तरी वळतं, आणि मधे काही नसल्यामुळे रस्ता थेट तळहाताला कळतो. पार्किंगमध्ये दंड भरून येतात, ते वेगळं.

स्टॉर्मबद्दल चांगलं बोललो नाही तर ती कृतघ्नता होईल. जुलैतला मांडू! आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी ढग दरीत उतरलेले, टप मागे दुमडलेला. रस्त्याच्या कडेला कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर सरळ गाडीत. ढग अंगावरून जातो म्हणजे काय, ते काचेतून कळत नाही. त्या दिवशी बायकोही खूश होती, आणि ती माझ्या गाड्यांवर सहजासहजी खूश होत नाही. नुसता हा एक दिवस तोलायचा असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, स्टॉर्म घ्या.

आता खरी गोष्ट.

खंडवा रोडवरच्या ऑडिटोरियममध्ये मराठी नाटक होतं. स्टॉर्म घेऊन गेलो, दिव्याखाली, गार्डच्या समोरच लावली. आभाळ कोरडं होतं म्हणून टप उघडाच ठेवला. गार्ड म्हणाला, "भिया, चिंता मत करो, मैं देख रिया हूँ." पहिला अंक बरा चालला होता. मध्यंतरात बाहेर आलो तर ड्रायव्हर सीटवर पाचेक वर्षांचा मुलगा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तोंडाने हॉर्न वाजवतोय. त्याचा बाबा समोरून फोटो काढतोय. आईने पर्स बॉनेटवर ठेवली आहे. गार्ड खरंच बघत होता, कौतुकाने. बाबा मला म्हणाला, "कित्ते की पडी भिया?" मी किंमत सांगितली, मुलाचे आणखी दोन फोटो होऊ दिले, सीटवरची शेंगदाण्याची टरफलं वेचली. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच तर रागावताही येईना.

दुसऱ्या अंकात माझं लक्ष सारखं दाराकडे. घरी येताना बायको म्हणाली, "तुम्ही नाटकाला आला होतात की गाडीला?"

मग टप लावून ठेवायला लागलो. पण कापडाचा टप म्हणजे काही कुलूप नव्हे, ज्याला हात घालायचा तो घालतोच. त्यामुळे गाडीत छत्रीसुद्धा ठेवायची नाही, कागदपत्रं खिशात. शिवाय पाऊस मला चार मिनिटांत चिंब करतो आणि टप चढवायला मला सहा मिनिटं लागतात. तरुण माणसाला तीन लागतील. हळूहळू झालं असं: सराफ्यात रात्री खायला जायचं तर झेन, कारण तिथे लांब कुठे तरी लावून चालत जावं लागतं. राजवाड्याला जायचं तर झेन. लग्न, बारसं, दवाखाना, बँक, सगळीकडे झेन. स्टॉर्म फक्त अशा ठिकाणी जायची जिथे मी तिच्यातून उतरणार नाही. आणि न उतरता जाण्यासारखी ठिकाणं माणसाच्या आयुष्यात किती असतात? तिसऱ्या वर्षी तिचा मीटर सहाशे किलोमीटरही पुढे सरकला नाही. झेन त्याच वर्षी नऊ हजार चालली.

उभी गाडी बिघडते, हे जुन्या मेकॅनिकना विचारायला नको. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून तर जास्तच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनोनमहिने टाकीत पडून राहिलं की सुरू करताना गाडी खोकायला लागते. झेनमध्येही तेच पेट्रोल जातं, पण ते आठवड्यात संपतं. झेनचे जुने रबरी पाइप मी एकदा सगळे बदलून घेतले, किरकोळ खर्च, तेव्हापासून कटकट नाही. स्टॉर्मचेही बदलले. बॅटरी मात्र दर दोन महिन्यांनी बसायची. ही स्टॉर्मची चूक नाही हे मी मान्य करतो. माझी किंवा शहराची म्हणा.

स्टॉर्मच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगायला हवा: फायबर गंजत नाही. एकदा रिक्षाने मागचा कोपरा फोडला. डेंटरने हातोडी खाली ठेवली, म्हणाला, हे आमचं काम नाही. शेवटी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी, म्हणजे चित्ररथांसाठी, फायबरचे हत्ती आणि मोर करणाऱ्या एका कारागिराने तो कोपरा असा जुळवून दिला की रंग लावल्यावर मलाच सापडेना. पैसेही मोजकेच घेतले. झेनचं तसं नाही. तिचा पत्रा खालून गंज खातो, आणि कार्पेट उचलल्याशिवाय ते दिसत नाही.

पार्टचं म्हणाल तर स्टॉर्मचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्येही होतं, त्यामुळे बेल्ट, गॅस्केट असलं काही बाहेरून मागवता येतं. अडतं ते काच, दाराचं रबर, दिवा अशा ठिकाणी. मोजक्याच बनलेल्या, कधीच्या बंद झालेल्या गाडीचं दुसरं काय होणार! झेनचं जे लागेल ते कुठल्या तरी कबाड्याकडे पडलेलं असतंच.

चालवायला? इथे मी थोडा पक्षपाती आहे, सांभाळून वाचा. छप्पर कापलेली कुठलीही गाडी खराब रस्त्यावर थोडी लचकते, कारण छप्पर नुसतं उन्हापावसासाठी नसतं, ते गाडीला ताठही ठेवतं. खड्ड्यावरून जाताना स्टॉर्मचा आरसा थरथरायचा, मागच्या एका ट्रकचे दोन दिसायचे. झेन घट्ट आहे. माझ्या झेनला आरपीएमचा काटा नाही, कानानेच गिअर टाकायचा. इंजिन हळू फिरत असताना ती शहाण्यासारखी वागते, पण दुसऱ्या गिअरमध्ये जरा ताणली की त्या छोट्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनाचा सूर चढतो आणि गाडी एकदम वयाने लहान होते. जानापावच्या वळणांवर ब्रेक जवळजवळ लावावाच लागत नाही. पाय उचलला की नाक आत वळतं. माझ्या मते त्या चढावर माझी झेन माझ्या स्टॉर्मपेक्षा तसूभरही कमी मजा देत नव्हती. घड्याळ लावून कधी पाहिलं नाही. पाहणारही नाही.

दोन्हींत एअरबॅग नाही, एबीएस नाही. हे हसण्यावारी नेऊ नये. दोन्ही वीस वर्षांच्या पुढच्या, त्यामुळे आता नूतनीकरणाची फी दहा हजार. आणि बाहेरच्या राज्यातून आणलीत तर एनओसी आणि इथला टॅक्स असतोच. यात दोघींत काही फरक नाही.

मागे बसणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. स्टॉर्मला मागची सीटच नाही. झेनला आहे, पण माझी आई तिथे बसते तेव्हा उतरताना आम्ही दोघं मिळून तिला बाहेर काढतो, आणि ती दर वेळी म्हणते, "पुढची गाडी तरी जरा उंच घे रे." लग्न ठरण्याआधी या मुलाने एवढा विचार करावा. मी केला नव्हता.

२०२४ च्या हिवाळ्यात स्टॉर्म विकली. ज्याने घेतली त्याचं महूजवळ शेत आहे, तिथे मोठं फाटक, कुत्रा आणि छपरी. तो सकाळी गाडी काढतो, मानपूरपर्यंत जाऊन परत येतो, थेट छपरीत. त्याची ती रोज चालते आणि माझ्याकडे होती त्यापेक्षा छान वाजते. तुमच्याकडे असं फाटक असेल तर माझं वरचं सगळं रडगाणं तुम्हाला लागू नाही.

या मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गाडी गल्लीत राहणार, समोर शाळा.

झेन बघायला जाताना सकाळी लवकर जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर चहा घेऊन ये, घासाघीस दुपारी. दोन्ही पायांखालचं कार्पेट उचल, स्टेपनीच्या खळग्यात हात फिरव, बोटांना तपकिरी भुकटी लागली तर किंमत कमी करून घे किंवा सोडून दे. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरव, पुढून कटकट आवाज आला तर अ‍ॅक्सल गेला समज. दिल्लीकडून येणाऱ्या जुन्या गाड्या स्वस्त वाटतात, त्यांचे कागद मात्र दोनदा तपास. २००३ मध्ये तीन दारांची कार्बन आणि स्टील निघाली होती, तशी एखादी खरी सापडली तर मला आधी फोन कर.

एवढं करूनही मन स्टॉर्मकडेच ओढत असेल, तर महूवाल्याला विचारून एक रविवार मागून घेतो. आपण दोघं जाऊ. फक्त मधे कुठेही उतरायचं नाही.