कड घासलेलं पाचाचं नाणं: माझे चार हजार गेले

कापूस विकून परत येताना आठवडी बाजारात थांबलो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, खेड्यापाड्यांत नाण्यांचा नाद असलेले मोजकेच, त्यातला मी एक. फडक्यावर जुनी नाणी मांडून बसलेल्या माणसानं पाचाचं जाड नाणं माझ्या हातात ठेवलं.

"भाऊ, याची कड पाय. पट्टाच नाही. टाकसाळीत मशीन चुकली. लाखात एक निघते असं."

1992 पासून चलनात आलेल्या त्या तांबं-निकेलच्या नाण्याच्या कडेवर मधोमध खोलगट पट्टा असतो, त्यात बारीक नक्षी. या नाण्याची कड सपाट होती. समोरच सोनाराचं दुकान. म्हटलं, वजन करून घेतो.

"काट्यावर कायले नेता? डोयानं दिसते ना! आताच एक जण पाच हजार देऊन राह्यला होता."

मी चार हजार मोजले. काट्याला नकार मिळाला तेव्हाच उठायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनाराच्या काट्यावर ते 8.52 ग्रॅम भरलं. असायला हवं 9. आयटीआयच्या पोराकडून व्हर्नियर मागवला: व्यास 22.4 मिलिमीटर, असायला हवा 23. सोनारानं भिंग दिलं आणि सगळं उघड झालं. दोन्ही तोंडं वापरून काळवंडलेली, कड मात्र पांढरीशुभ्र. तिच्यावर कानशीचे ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. एका जागी पट्ट्याची पुसट खूण अजून शिल्लक होती. तोंडावरची उभी किनारही एका बाजूला जवळजवळ संपलेली.

टाकसाळीत पट्टा पाडायचा राहून गेला तर धातू कुठं जात नाही, वजन पुरंच राहतं. ठसा मारताना नाण्याला धरणारी कॉलर जागेवर नसेल तर धातू बाहेर पसरतो, नाणं उलट रुंद होतं. लहान आणि हलकं झालेलं नाणं म्हणजे कोणीतरी कड घासली आहे. दात्यांच्या कडेची रुपयाची नाणीही अशीच गुळगुळीत करून विकतात, म्हणून पैसे देण्याआधी वजन आणि व्यास दोन्ही घ्या. विकणारा काट्यावर येत नसेल तर घेऊच नका.

पुढच्या बाजारी तो माणूस दिसला नाही. शेजारच्या पोरानं मात्र त्याच्याकडूनच दोन नाणी घेतली होती, शिकवणीच्या पैशातून. कालच त्याला घेऊन सोनाराकडं गेलो. एक 8.6 भरलं, दुसरं 8.4.