टूडी इको की कार्डियाक एमआरआय?

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर डॉक्टर बाकीच्यांना आधी टूडी इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतात आणि ते बरोबरच आहे, डाव्या कुशीवर झोपायचं, छातीवर गार जेल, वीसेक मिनिटांत काम खल्लास, खर्चही झेपण्यासारखा. इको सांगतो पंपिंग किती, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते), हार्ट अटॅकनंतर औषधं नीट घेऊनही ते ३५ टक्के किंवा कमी राहिलं तर आयसीडी, म्हणजे लय बिघडली की शॉक देऊन ती सावरणारं छोटं यंत्र, बसवायचा विचार होतो.

पण गंमत अशी की अचानक जाणाऱ्या बऱ्याच जणांचं ईएफ ३५ च्या वरच असतं, आणि इथे एमआरआय भाव खाऊन जातो. गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध) शिरेत टोचलं की दहाएक मिनिटांनी हृदयातला व्रण पांढराशुभ्र चमकतो, निरोगी स्नायू काळा, आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडते ती बहुतेक त्या व्रणाच्या कडेलाच. हृदयाच्या टोकाशी जाड झालेला स्नायू इकोत कधीकधी सुटतो, तोही यात सापडतो.

त्रास आहेच म्हणा, पाऊण-एक तास बोगद्यात, ठकठक आवाज, सारखं "श्वास रोखा". किडनी फारच बिघडलेली असेल तर गॅडोलिनियम जपूनच. माझं मत, इको सगळ्यांचा, एमआरआय शंका उरली तर, आणि हो, लय बिघडण्याचे काही आजार दोन्हीत दिसत नाहीत, तिथे साधा ईसीजीच लागतो.