डेशूट्स नदीवर स्टीलहेडच्या मागावर
ओरेगॉनमधील मॉपिन गावाजवळ आम्हा मित्रांनी स्टीलहेडसाठी, म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउटसाठी, वाटाड्यासह दिवसभराची नाव ठरवली होती. डेशूट्समध्ये नावेतून गळ टाकण्यास मनाई असल्याने ठिकठिकाणी उतरून मांडीभर पाण्यात, शेवाळलेल्या दगडांवर तोल सांभाळत उभे राहावे लागते. तिथे वाटाड्याने दिलेले खिळ्यांच्या तळव्याचे बूट फार उपयोगी पडले. मासा एकच लागला. उबवणी केंद्रातील माशांचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो, याचा मात्र शाबूत होता, म्हणजे तो नैसर्गिकरीत्या जन्मलेला, जंगली मासा होता. त्यामुळे वाटाड्याने तो नियमाप्रमाणे, पाण्याबाहेर न काढता, हलक्या हाताने सोडून दिला. जेवण तेवढे अगदीच बेचव होते. एवढ्या शुल्कात निदान गरम सूप तरी मिळायला हवे होते.