माउंटन बाईकचा पहिला खर्च: ब्रेकवर की गिअरवर?

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कासपर्यंत जाणे आणि त्याच घाटाने उतरणे हा ज्यांचा नेहमीचा रस्ता आहे, त्यांच्या सुरुवातीच्या किमतीच्या माउंटन बाईकला बहुधा पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रे), मागे सात गिअरचे फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागावर, आट्यांनी बसणारा दातेरी चक्रांचा संच) आणि केबलचे डिस्क ब्रेक असतात. पैसे एकाच बदलापुरते असतील, तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक बसवावेत की पुढे एकच चेनरिंग करावी, हे ठरवावे लागते.

एका चेनरिंगचे आकर्षण खोटे नाही. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) व डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) निघाल्याने वजन घटते, चिखल साचण्याची एक जागा कमी होते आणि एकाआड एक रुंद-अरुंद दातांमुळे खडबडीत उतारावर चेन सहसा उतरत नाही. चढावरचा लाभ मात्र आकड्यांत पाहावा. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागून येणारे गुणोत्तर जितके कमी, तितका चढ सोपा: पुढे २४ व मागे २८ दात असता ते ०.८६ येते, पुढे ३२ व मागे ४२ केल्यास ते ०.७६ होते, म्हणजे जेमतेम एका गिअरचा फरक. उलट आहे त्याच हबवर १४-३४ चे फ्रीव्हील बसवले, तर ते ०.७१ पर्यंत उतरते. मागचा डिरेलर ३४ दात पेलणारा आहे आणि चेन पुरेशी लांब आहे, एवढे तपासले म्हणजे झाले. हा स्वस्त मार्ग दुकानात आपणहून क्वचितच सुचवला जातो. शिवाय ४२ दातांची कॅसेट (वेगळ्या प्रकारच्या हबवर सरकवून बसवायचा चक्रांचा संच) फ्रीव्हीलच्या हबवर बसत नाही, त्यामुळे मागचे चाक, शिफ्टर, डिरेलर, चेन आणि चेनरिंग रिव्हेटने कायमच्या जोडलेला क्रँक (पेडलचा दांडा) असल्यास तोही, असा खर्च वाढत जातो.

ब्रेकचे तसे नाही. केबलच्या आवरणात पावसाळ्यातला तांबडा चिखल शिरला की लिव्हर जड होतो, आणि अशा बहुतेक ब्रेकमध्ये एकच पॅड सरकत असल्याने झीज होईल तसे स्क्रू फिरवून अंतर जुळवावे लागते. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही पॅड सरकतात, झीज आपोआप भरून निघते आणि लांब उतारावर एका बोटाने वेग आवरता येतो. केबलची बाजूही सांगितली पाहिजे: बामणोलीकडे तुटलेली केबल साध्या सायकल दुकानातही बदलून मिळेल, तेलाची नळी फुटल्यास मात्र साताऱ्याला परतावे लागेल. खरेदीपूर्वी आपला शिफ्टर ब्रेक लिव्हरला जोडलेला आहे का, हे पाहावे. तसे असल्यास शिफ्टर वेगळे घ्यावे लागतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचा दुसऱ्या प्रकारचा ब्रेक द्रव कधीही घालू नये, कारण त्याने आतील सील खराब होतात.



त्यामुळे माझा कौल ब्रेक आणि १४-३४ फ्रीव्हील या जोडीला आहे. अपवाद एकच: हब आधीच कॅसेटचे असेल आणि चेन-कॅसेट झिजल्यामुळे तशीही बदलायची असेल, तर एक चेनरिंग आधी करणे परवडते. हबचा प्रकार ओळखायचा तर मागचे दाते उलटे फिरवावेत. मधली पान्याची खाच त्यांच्यासोबत फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील.