राजधानीत दिवसा संग्रहालय, संध्याकाळी नाटक

मराठवाड्यातील माणूस मुंबईला जातो तो बहुधा मंत्रालयातील कामासाठी, दवाखान्यासाठी किंवा नातेवाइकांकडील कार्यासाठी, आणि उरलेल्या वेळात मुलांना गेटवे व चौपाटी दाखवून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने परततो. राज्याच्या राजधानीत केवळ संग्रहालये आणि नाटके पाहण्यासाठी जावे, ही कल्पना आमच्याकडे अजूनही चैनीची समजली जाते. ‘वेरूळ-अजिंठा दारात असताना काचेच्या कपाटातल्या मूर्ती बघायला मुंबईला कशाला?’ हा प्रश्न मला परभणीत अनेकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सीएसएमटीहून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पहाटेच्या गाडीने उतरून, सामान क्लोकरूममध्ये ठेवून आणि चहा-नाश्ता आटोपून सव्वादहाच्या सुमारास दारात पोहोचले, तर पहिले दोन तास गर्दीचा त्रास होत नाही. इमारत जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची आहे. 1905 मध्ये पायाभरणी झाली, 1914 मध्ये बांधकाम पूर्ण झाले, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि लोकांसाठी दारे उघडली ती 1922 मध्ये. कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड, वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट. आत शिरण्यापूर्वी बागेत उभे राहून ती निवांत पाहावी.

शिल्पांच्या दालनात ऐहोळेच्या मंदिरातून आणलेल्या मोठ्या शिळा आहेत. ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांच्या या शिळा मुळात मंदिराच्या छतावर होत्या. वेरूळच्या लेण्यांत छतावरचे काम पाहताना मान मोडून येते, डोळे अंधाराला सरावेपर्यंत मार्गदर्शक पुढच्या लेण्याकडे निघालेला असतो, आणि शेवटी आपण ‘पाहिले’ एवढेच समाधान घेऊन बाहेर पडतो. इथे तेच काम डोळ्यांसमोर, उजेडात आणि हातभर अंतरावर आहे, त्यामुळे दागिन्याचा एकेक मणी आणि बोटांची ठेवण शांतपणे न्याहाळता येते. सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या मूर्तींपाशीही असेच थांबावे. त्यांतला हाती कमळे घेतलेला उपासक मला सर्वाधिक आवडला. त्याचे कुरळे केस आणि जड पापण्या पाहताना अजिंठ्याच्या भिंतीवरचे पुरुष आठवल्याशिवाय राहत नाहीत. लेणी जवळ असणाऱ्याने तर हे दालन आवर्जून पाहावे, कारण तुलना करण्याची सामग्री त्याच्या डोळ्यांत आधीच असते. अकबराची ढाल-चिलखत, दख्खनी लघुचित्रे, टाटा बंधूंचा संग्रह हेही उत्तम आहे. मात्र सगळे एका दमात संपवण्याचा अट्टहास धरला, तर दुपारी तीननंतर पाय आणि लक्ष दोन्ही थकतात.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची तऱ्हा वेगळी आहे. ते 1872 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने उघडले आणि 1975 मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. ज्यांचे नाव दिले ते भाऊ दाजी मराठवाड्याला परके नाहीत. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणाऱ्या पहिल्या भारतीय अभ्यासकांपैकी ते एक होते. बागेत येणारी बहुतेक मंडळी पेंग्विन पाहायला धावतात आणि या दारावरून तशीच पुढे निघून जातात, हे आपल्या पथ्यावरच पडते. आत ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षीचे छत आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिमा आहेत. कोणाची पगडी कशी, कोणाचे जोडे कसे, हे मुलांना तासभर गुंतवून ठेवते. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, त्यात तो तुटला आणि पुढे जोडून इथे बसवला. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

आता नाट्यगृहांकडे वळतो. मूर्ती आपल्या जागेवरून हलली तरी अधिक नीट दिसू शकते. नाटकाचे मात्र नेमके उलटे आहे, असे माझे मत झाले आहे. आमच्याकडे दौऱ्यावर येणाऱ्या प्रयोगाचे नेपथ्य अनेकदा आटोपशीर केलेले असते, नटमंडळी रात्रभराचा प्रवास करून आलेली असतात आणि ध्वनियंत्रणा त्या-त्या गावची. तेच नाटक दादरच्या शिवाजी मंदिरात पाहिले, तेव्हा विनोदाच्या जागा वेगळ्याच ठिकाणी आल्या. तिथला प्रेक्षक नाटकाला सरावलेला आहे. तिसरी घंटा होताच तो गप्प बसतो आणि मध्यंतरात बटाटावडा हातात घेऊन पहिल्या अंकाची चिरफाड करतो. ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांच्यासारखे रंगकर्मी औरंगाबादेतून मुंबईला का गेले, याचे एक कारण त्या गर्दीत उभे राहिल्यावर कळते.

जुहूचे पृथ्वी थिएटर साधारण दोनशे आसनांचे, रंगमंचाला तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही. मराठी रंगभूमी दिन असतो त्याच तारखेला, 5 नोव्हेंबरला, 1978 मध्ये ते सुरू झाले. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाउस 1993 मध्ये बंद पडले होते, ते 2016 मध्ये पुन्हा उघडले. तिथे मात्र कार्यक्रम असेल तरच जावे, बाहेरून पाहून परतण्यात अर्थ नाही.

गैरसोयी आहेतच. एका नाट्यगृहात आमच्या रांगेतील खुर्च्या मोडलेल्या होत्या आणि मध्यंतरात स्वच्छतागृहापुढची रांग दुसरा अंक सुरू झाला तरी संपली नव्हती. बाहेरगावच्या प्रेक्षकाला त्याहून मोठी अडचण वेळापत्रकाची येते: व्यावसायिक नाटकांचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात आणि चांगल्या नाटकाच्या पुढच्या रांगा आधीच भरतात. म्हणून गाडीचे आरक्षण करण्यापूर्वी वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहून तिकिटे काढावीत, शनिवारी हवा तर रात्रीचा प्रयोग घ्यावा, पण परतीच्या रविवारी दुपारचाच. चारचा प्रयोग सातपर्यंत सुटतो आणि रात्रीची गाडी निवांत मिळते. घरातील वडीलधारे बरोबर असतील, तर नाट्यगृहात लिफ्ट आहे का, एवढे तिकीट काढण्याआधी फोनवर विचारून घ्यावे.