जुन्या वॅगन आरला चार तऱ्हेचे पत्रे: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझी वॅगन आर 2009 ची, रंग सिल्की सिल्व्हर, पासिंग एमएच-31. मागच्या दिवाळीनंतर वर्धा रोडवर पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक दाबला आणि गाडीची डावी बाजू त्याच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. कुणाला लागलं नाही. पण बोनेट मधोमध उचललं गेलं, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) मागे सरकून दारावर चढला, दाराची पुढची कड आत वळली, बंपर फाटला आणि डावा हेडलाइट गेला. दुरुस्ती करताना बोनेट कंपनीचं ओरिजिनल घेतलं, फेंडर लोकल बसवला, दार भंगारातल्या गाडीचं आणलं आणि बंपर जुनाच दुरुस्त करून घेतला. आमच्याकडे झाकलेलं पार्किंग नाही, त्यामुळे नागपूरचं अख्खं ऊन आणि अख्खा पाऊस गाडीने अंगावर घेतला आहे. कोणता पत्रा कसा टिकला, ते आता खात्रीने सांगता येतं.

आधी पैशाचं. गाडी विकून टाका, असंच बहुतेकांनी सांगितलं होतं. पण 2024 मध्ये आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं होतं, 2029 पर्यंत चिंता नव्हती, आणि इंजिन अजून ठणठणीत आहे. राहिला विमा. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिकवर 50 टक्के, रंगाच्या मटेरियलवरही 50 टक्के. त्यावर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आपल्या खिशातून. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरली जाते. जुन्या गाडीची आयडीव्ही मुळातच इतकी कमी असते की मोठ्या वर्कशॉपचं एक एस्टिमेट त्या रेषेजवळ सहज पोचतं. माझं पोचलंच होतं. शिवाय क्लेम केला की 50 टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या नवी गाडी घेतली तर तो तिकडे नेता येतो, आणि नव्या गाडीच्या प्रीमियमवर ती सूट बऱ्यापैकी मोठी असते. म्हणून मी क्लेम केला नाही, खिशातून खर्च करायचं ठरवलं. तुमचं नुकसान मोठं असेल तर हे गणित वेगळं येईल, पण पत्रे बघायला बाहेर पडण्याआधी ते मांडूनच घ्या.

पत्र्याच्या आधी आणखी एक गोष्ट बघायची असते आणि बरेच गॅरेजवाले ती स्वतःहून काढत नाहीत. पुढचा सांगाडा वाकला आहे का? आमच्या डेंटरभाऊंनी बोनेट काढून डाव्या शॉकअपच्या बोल्टपासून उजव्या हेडलाइटच्या माउंटिंगपर्यंत आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत, असे दोन्ही कर्ण टेपने मोजले. फरक आला. रेडिएटरवरची आडवी पट्टी डावीकडून मागे दाबली गेली होती. साखळी लावून ती खेचली, कर्ण जुळवले, मगच पत्र्यांची गोष्ट निघाली. सांगाडा तिरका राहिला तर कंपनीचं बोनेटही नीट बसत नाही आणि दोष बिचाऱ्या बोनेटला लागतो.

बोनेटच्या बाबतीत मी तडजोड केली नाही. दुकानात लोकल बोनेट हातात घेऊन पाहिलं होतं. एका कोपऱ्याला धरून उचललं की समोरचा कोपरा हलायचा. बोनेट म्हणजे दोन पत्रे असतात, वरचा गुळगुळीत आणि खालची जाळी. दोघांच्या मध्ये ठिकठिकाणी चिकट मसाल्याचे ठिपके असतात, आणि कडेने वरचा पत्रा जाळीवर दुमडून दाबलेला असतो. लोकलमध्ये ठिपके मोजकेच होते, कडेची दुमड कुठे रुंद कुठे अरुंद, आणि लॉकचा हूक ज्या तुकड्यावर बसतो त्याचं वेल्डिंग मला पटलं नाही. त्या खालच्या जाळीला ठरावीक जागी दाबलेल्या खुणा असतात. धडक बसली की बोनेटने तिथेच मोडायचं असतं, सरळ काचेकडे घुसायचं नसतं. जी वस्तू वेगात उघडली तर समोरचं काहीच दिसणार नाही, तिच्यात पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. ओरिजिनल बोनेट काउंटरवर तयार नव्हतं, ऑर्डर टाकून थांबावं लागलं. 2010 मध्ये नवी वॅगन आर आली, त्यामुळे जुन्या मॉडेलचे पत्रे आता हव्या त्या क्षणी मिळत नाहीत. पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढून घ्या, नुसतं ‘वॅगन आरचं बोनेट द्या’ म्हणू नका.

बसवायला ते सगळ्यात सोपं गेलं. बिजागऱ्यांचे बोल्ट हाताने लागले, लॉक थोडं वर-खाली केलं आणि दोन्ही बाजूंची फट सारखी आली. समृद्धीवरून वर्ध्यापर्यंत बऱ्याचदा गेलो आहे. बोनेट थरथरत नाही, वाऱ्याचा आवाज नाही. कडेला तांबेऱ्याचा ठिपकाही नाही. याबद्दल तक्रार शून्य.

फेंडर लोकल घेतला कारण ओरिजिनल कधी येईल ते कुणीच सांगेना आणि गाडी तशीच किती दिवस उभी ठेवणार. फेंडर बोल्टने बसतो, पुढे बदलणं सोपं, म्हणून तिथे लोकल चालेल असा विचार होता. किंमत ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी. डेंटरभाऊ आधीच म्हणाले, “पत्रा सस्ता पडते भाऊ, पण मेहनत डबल लागते. मी मजुरी तशीच लावीन, आधीच सांगून राहिलो.” त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. वरची भोकं जुळली, तर दाराजवळचं खालचं भोक अर्ध्या बोल्टाने पुढे. ते कानशीने लांबवलं, मागे वॉशर घातले. चाकावरच्या कमानीचा गोलावा उजव्या बाजूपेक्षा किंचित चपटा होता, तो ठोकून काढला. इतकं करूनही दाराजवळची फट वर साधारण चार मिलिमीटर आणि खाली सात. लांबून दिसत नाही, पण एकदा लक्षात आली की रोज दिसते.

फेंडरचा खरा प्रश्न काळ्या कोटिंगचा आहे. कंपनीच्या पत्र्यावरचा काळा थर ईडी प्राइमर असतो. अख्खा पत्रा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने तो चढवतात आणि भट्टीत पक्का करतात, त्यामुळे तो दुमडीच्या आत, भोकांच्या कडांना, सगळीकडे पोचतो. लोकलवरचा काळा रंग बऱ्याचदा नुसता वाहतुकीपुरता फवारलेला असतो. तपासायला सोपं आहे: थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पत्र्याच्या आतल्या बाजूला जरा वेळ घासा. ईडी असेल तर फडकं जवळजवळ कोरं राहतं. माझ्या फेंडरवर फडकं काळंभोर झालं आणि खाली चकचकीत पत्रा उघडा पडला. मग तो सगळा काळा रंग उतरवून आतून-बाहेरून इपॉक्सी प्राइमर मारायला लावला. हे सांगितलं नसतं तर पेंटरने त्या कच्च्या काळ्यावरच रंग मारला असता, आणि तो पोपडे धरून निघाला असता. तरीही पावसाळा संपता संपता मडफ्लॅपच्या मागे, जिथे चिखल साचून राहतो, तिथे खालच्या दुमडीला रंगाखाली दोन फुगे आले आहेत. नखाने दाबलं तर आत तांबेरा. प्राइमर दुमडीच्या आत पोचतच नाही, तांबेरा तिथूनच सुरू होतो.

दाराने मात्र मला सगळ्यात जास्त समाधान दिलं. नवं ओरिजिनल दार महाग, लोकल दार बघायचीही इच्छा उरली नव्हती. कामठी रोडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली याच मॉडेलची गाडी उभी होती. पुढची दारं शाबूत, रंग पांढरा. भंगारातलं दार म्हणजे कारखान्यातला पत्रा, कारखान्यातलाच ईडी थर आणि कारखान्यातलेच बिजागरीचे पॉइंट, फक्त वय झालेलं. निवडताना कुठे बघायचं, ते डेंटरभाऊंनी सोबत येऊन दाखवलं. दार उघडून खालची दुमड बोटाने चाचपायची. खरखरीत लागली किंवा रंग फुगला असेल तर सोडून द्यायचं. तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती मोकळी हवीत. काचेच्या फटीतून गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं, भोकं बुजली की दार आतून सडायला लागतं. मग पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारभर फिरवायचं. जिथे ते ढिलं पडतं तिथे पुटीचा (खड्डे भरायच्या लेपाचा) थर आहे, म्हणजे दार आधी ठोकलेलं. शेवटी बिजागऱ्यांच्या बोल्टची डोकी: रंग खरवडला असेल तर दार एकदा तरी उतरवलेलं आहे. आम्ही घेतलेल्या दाराच्या बोल्टवर कारखान्याचा रंग तसाच होता.

बिल नक्की मागा, त्यावर कोणत्या नंबरच्या गाडीचा पार्ट आहे ते लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे पार्टही याच बाजारात फिरतात. 2021 च्या नियमांप्रमाणे आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. बिनकागदी सौद्यात शे-दोनशे वाचवण्यापेक्षा कागद हातात असलेला बरा. दारातलं लॉक, काच आणि काच चढवायची मशीन माझ्या जुन्या दारातली काढून बसवली, त्यामुळे किल्ली एकच राहिली. दार पहिल्याच प्रयत्नात बसलं, बंद होताना तोच मूळचा भरीव आवाज. पावसाळ्यात एका थेंबाचीही गळती नाही. रंगवताना मात्र पेंटरने खालच्या भोकांत प्राइमर जाऊ दिला होता, ती खिळ्याने उघडून घ्यावी लागली. तुमचं काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना दाराच्या तळाशी नक्की हात फिरवा.

बंपर. डाव्या कोपऱ्यात वीतभर फाटला होता आणि एक कान (बंपर गाडीला अडकवायचा तुकडा) तुटला होता. आतल्या बाजूला पीपी असा शिक्का असेल तर ते प्लास्टिक वेल्ड होतं. आतून तारेची जाळी वितळवून बसवली, बाहेरून त्याच प्लास्टिकची काडी भरली, घासलं, प्लास्टिक प्रायमर मारून रंग दिला. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिल्यावर त्या जागी तिरप्या प्रकाशात एक पुसट रेघ दिसायला लागली आहे. पण जोड धरून आहे, कान घट्ट आहेत. सोसायटीत एकाने लोकल बंपर लावला आहे. उन्हाळ्यानंतर तो दोन क्लिपांच्या मधे लाटेसारखा झाला आहे. जाड जुनं प्लास्टिक दुरुस्त करण्याजोगं असेल तर नव्या पातळ प्लास्टिकपेक्षा तेच ठेवा. हेडलाइट लोकल घेतला, प्रकाश ठीक, काच अजून पिवळी पडलेली नाही.

रंगाबद्दल दोन शब्द जास्त, कारण चार ठिकाणचे पत्रे एकत्र दिसायला हवेत. सिल्व्हर मेटॅलिक जुळवणं सगळ्यात कठीण. रंगातले ॲल्युमिनियमचे कण बसतात कसे, त्यावर छटा बदलते; समोरून जुळलेला रंग बाजूने काळपट दिसतो. गाडीवरच्या कोडप्रमाणे मिसळलेला रंग माझ्या उन्हाने फिकट झालेल्या गाडीला जुळणारच नव्हता. पेंटरने आधी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारले, उन्हात नेऊन गाडीला लावून पाहिले आणि मग मागच्या दारावर बेस कोट (रंगाचा थर) विरत नेला, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मात्र पूर्ण दारावर. त्यामुळे नवा रंग कुठे संपतो ते शोधावं लागतं. पेंटर रंगाच्या गडबडीत असेल तरी एक आग्रह सोडू नका: रंग देण्याआधी सगळे पत्रे कोरेच गाडीवर बसवून फटी बघायच्या. माझा फेंडर रंगवल्यावर कानशीने घासावा लागला असता, तर त्या भोकाभोवती आतापर्यंत गंज पसरला असता.

हिशेब सरळ आहे. फेंडरवर पत्र्यात जे वाचलं, त्यातलं बरंचसं जास्तीच्या मजुरीत आणि इपॉक्सीत गेलं, आणि एका पावसाळ्यात फुगे आले ते वेगळेच. दारावर पैसेही वाचले आणि काम सगळ्यात चांगलं झालं. आता दुकानदाराने ओरिजिनल डावा फेंडर येतोय असं कळवलं आहे. तो आला की याच हिवाळ्यात बदलून घेणार, बसवण्याआधी खालच्या दुमडीत आतून वॅक्सचा फवारा मारून. उजव्या फेंडरच्या दुमडीतही तेव्हाच मारून घेईन, तो अजून कंपनीचाच आहे.